तिसऱ्या खांबावरची काच

२ डिसेंबर २०२४

थॉमस सर,

काच तुम्ही बदललीत. विचारत नाही, कळवते आहे.

आज मधल्या सुट्टीत मी तिसऱ्या खांबापाशी उभी होते. काचेच्या टोकाला लावलेल्या पांढऱ्या थरावर सहज अंगठ्याचं नख टेकलं. नख आत रुतलं. काढल्यावर खड्डा हळूहळू भरून आला. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये नख रुतत नाही. मुलांनी जुलैत प्लास्टर लावलं होतं, पांढरी बोटं घेऊन दिवसभर हिंडली होती. हे प्लास्टर नाही. खिडकीच्या काचांच्या कडेला भरतात ते सिलिकॉन आहे. वरून खडूची पूड चोळलेली.

सगळं पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला माहीत आहे तेही. वही अनोळखी माणसाच्या हाती पडली तरी त्याला कळलं पाहिजे, हे तुमचंच. तोंडी तक्रार तुम्ही कधी ऐकून घेतली नाहीत. ‘लिहून आण. दिनांक, वेळ, काय दिसलं, कोणी पाहिलं.’ मी तुमच्या हाताखाली सातवीत होते तेव्हाही हेच होतं. म्हणून फोन केला नाही.

८ जुलैला सातवीच्या मुलांनी व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबावरच्या उभ्या भेगेवर प्रयोगशाळेतली काचपट्टी आडवी चिकटवली. एक टोक भेगेच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला. कल्पना तुमची होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी प्रयोगशाळेची एक किल्ली तुमच्याकडे असते आणि दिवसातून एकदा तरी तुम्ही शाळेत डोकावता. त्या दिवशीही होतात. मुलांना म्हणालात, ‘काच ताणली जात नाही. भेग केसभर रुंदावली तरी तुटेल. खांबाला तोंड नाही, ही काच त्याचं तोंड समजा.’

सिलिकॉन ताणलं जातं. भेग रुंदावली तर ते सोबत सरकतं आणि काच शाबूत राहते. हे इथे दुसऱ्या कोणाला कळो न कळो, तुम्हाला कळतं. चुकून झालं असेल, असं मला स्वतःला समजावता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये हर्षवर्धन इमारत तपासायला आला. तुमचाच विद्यार्थी, आता इमारती तपासणारा इंजिनिअर. त्याने काच पाहिली, मुलांची निरीक्षणवही चाळली आणि अहवालात लिहिलं की जुलैपासून भेगेत हालचाल नाही, गिलावा आणि रंग पुरेसा आहे. एकशे बारा मुलं त्या अहवालाखाली बसतात.

वहीत १९ सप्टेंबरचं पान नाही. ते उन्नतीचं पान होतं. गहाळ झालं आहे. दिवाळीनंतर उन्नतीच्या आईने तिचा दाखला नेला.

६ जानेवारीला संस्थेची सभा आहे. अहवाल त्या दिवशी मंजूर होईल. त्याआधी चार ओळी लिहून द्या. दिनांक, वेळ, काय दिसलं, कोणी पाहिलं. सेक्रेटरी जितेशभाऊंना मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुम्ही सांगावं असं वाटतं.

तुमची विद्यार्थिनी,
सुहासिनी


९ डिसेंबर २०२४

थॉमस सर,

उत्तर नाही. पत्र मी स्वतः तुमच्या फाटकाच्या पेटीत टाकलं होतं. इझाबेलबाईंनी तुमच्या घराच्या व्हरांड्यातून हात केला, म्हणजे मिळालं असणार.

मी सातवीत असताना तुम्ही माझ्या हातात खडू दिला होता. ‘दोन्ही टोकांनी दाब. मोडून दाखव.’ मी दाबला. तळव्यावर लाल गोल उमटले, खडू तसाच. मग म्हणालात, ‘आता वाकव.’ एका झटक्यात मोडला. ‘वाकवलं की एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. खडूला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काँक्रीटचंही तसंच. म्हणून त्याच्या पोटात लोखंड घालतात. ताण लोखंडाने घ्यायचा.’

मी बी.ए. मराठी. तुम्ही निवृत्त झाल्यावर विज्ञानाची जागा भरलीच नाही. तुम्हीच संस्थेला सांगितलंत, सुहासिनी शिकवेल, टिपणं मी देतो. बलं मला तुमच्याखेरीज कोणी शिकवलेली नाहीत. पुस्तकात पडताळून पाहावं असं कधी वाटलंही नाही.

यंदाही खडूपासून सुरुवात केली. मग कागदाच्या नळ्या, त्यांवर पुस्तकं. स्ट्रॉचा चौकोन कलंडतो आणि त्रिकोण कलंडत नाही, हे. विकीने वाडीतून केळीचं सुकं सोपट, म्हणजे खोडाची साल, आणलं, त्याची दोरी वळली आणि स्वतःचं दप्तर पंख्याच्या हुकाला टांगलं. दप्तर दिवसभर लोंबत होतं. विकी म्हणाला, ‘बाई, ताण दप्तराला आहे, मला नाही.’ तुम्ही दारात उभे राहून हसला होतात.

आता १९ सप्टेंबर. त्या आठवड्याची निरीक्षक उन्नती होती. ती नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधून रिक्षाने येते. यायची. शाळा सुटल्यावर रिक्षा यायला वेळ होता म्हणून खांबापाशी गेली. काच मधोमध तिरकी तुटलेली होती. तिने वहीत लिहिलं, वेळ घातली, चार पंचावन्न. तुम्ही प्रयोगशाळेला कुलूप लावून जिना उतरत होतात. तिने तुम्हाला दाखवलं. तुम्ही म्हणालात, ‘शाबास. उद्या बाईंना दाखव.’

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होताच तिने हात वर केला. ‘बाई, काच तुटली!’ सगळा वर्ग धावत खांबापाशी गेला. काच अखंड. तिच्यावर घातलेली ८ जुलै ही तारीखही होती तशी. विकी म्हणाला, ‘हिला चष्मा लागला.’ मग दिवसभर कोणी ना कोणी तिच्यासमोर दोन बोटं धरून विचारत होतं, ‘किती दिसतात?’

ती म्हणाली, ‘बाई, सरांना विचारा.’

मी विचारलं. तुम्ही वाडीतली शेवंती आणली होतीत, टेबलावरच्या पेल्यात ठेवत होतात. म्हणालात, ‘माझं कशाला? काच काय सांगते ते बघ.’

बारा वर्षांची मुलगी एका बाजूला आणि काच दुसऱ्या बाजूला. मी काचेवर विश्वास ठेवला. खरं लिहायचं तर तुमच्यावर ठेवला, काचेचं नाव केलं.

उन्नतीला मी वर्गासमोर म्हटलं, ‘पानाखाली लिही, निरीक्षण चुकीचं.’ ती म्हणाली, ‘मी पाहिलं ते लिहिलंय.’ मी दोनदा सांगितलं. तिने पेनाचं टोपण लावलं आणि उभी राहिली. तास संपेपर्यंत उभी होती. मी बस म्हटलं नाही.

अठ्ठावीस दिवस आहेत सभेला.

सुहासिनी


१६ डिसेंबर २०२४

थॉमस सर,

काल तुमच्या वाडीत जे बोललो ते लिहून ठेवते. नंतर तुम्ही वेगळं आठवाल, मीही आठवेन.

इझाबेलबाई म्हणाल्या, ‘पानी घे आधी, मग भांडा दोघं.’ मी पाणी घेतलं. तुम्ही मागे, घड धरलेल्या केळीला बांबूचा टेकू लावत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘अक्षर चांगलं राहिलंय तुझं.’

‘सर, काच बदललीत ना?’

‘किती मुलं आहेत आता पटावर?’

‘एकशे बारा.’

‘मी लागलो तेव्हा सहाशे होती. इमारत रिकामी केलीस की ही एकशे बारा कुठे जातील? इंग्रजी शाळेची बस त्यांच्या बिल्डिंगखाली येते. परत किती येतील?’

‘माहीत नाही.’

‘मला माहीत आहे. पन्नाससुद्धा नाहीत. मग ही शाळा राहायची नाही. तू कुठे शिकवशील, बी.ए. मराठी?’

हे तुम्ही हसत म्हणालात. पूर्वी असं म्हणालात की मीही हसायची.

मी म्हटलं, ‘आणि खांब?’

‘खांब आज पडणार नाही.’

‘कधी पडेल?’

टेकूच्या बुडाशी तुम्ही पायाने माती दाबलीत. पुष्कळ वेळ दाबत राहिलात. मग विचारलं नसताना सांगितलंत.

एक्क्याण्णव साली वरचा मजला आणि तो पेलणारे व्हरांड्यातले खांब गावाने स्वतः बांधले. मी पाचवीत होते. सगळी शाळा रांगेत उभी करून घमेली हातोहात वर गेली. एक माझ्याही डोक्यावर होतं. रेती खाडीची, तुमच्या वडिलांच्या होडीतून आलेली. सॅन्टनकाका फुकट देताहेत म्हणून टाळ्या वाजल्या होत्या. हे मला आठवत होतं. पुढचं माहीत नव्हतं. गवंड्याने तुम्हाला विचारलं होतं, ‘सर, रेती गोड्या पाण्यात धुवायची का? खारी आहे.’ मे महिना होता. विहिरींनी तळ गाठला होता, होतं ते पाणी केळीला आणि फुलांना. कोणाच्या वाडीतून मागायचं? तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे, विज्ञानाचे शिक्षक, गावाने देखरेख तुमच्यावर सोपवलेली. तुम्ही म्हणालात, ‘चालेल.’

‘तेव्हा ठाऊक नव्हतं?’ मी विचारलं.

‘ठाऊक होतं,’ तुम्ही म्हणालात. ‘मीठ लोखंडाला खातं, हे कोणाला ठाऊक नसतं?’

खांबाच्या आत लोखंड गंजतं, फुगतं आणि काँक्रीटला आतून ढकलतं. भेग बाहेरून दिसते, पण येते आतून. हेही तुमच्याच टिपणांत आहे, पान चौदा.

गिलाव्यात शिंपले दिसायचे. आम्ही ते कर्कटकाने उकरून काढायचो, तुम्ही ओरडायचात, शाळा पोखरू नका. यंदा उन्नतीने एक उकरला आणि जिभेला लावला. ‘बाई, खारट लागतंय.’ मी म्हटलं, ‘शी, थुंक ते.’ एवढंच म्हटलं.

निघताना तुम्ही मला केळ्यांची फणी दिलीत. मी घेतली, याचा मला राग येतो आहे.

सुहासिनी


२० डिसेंबर २०२४

थॉमस सर,

काल सकाळी वरच्या प्रयोगशाळेत स्लॅबच्या खालच्या अंगाचा तुकडा पडला. ताटाएवढा. खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर. सकाळची वेळ होती, खोली रिकामी होती. बाकाची फळी मधोमध मोडली आहे.

जितेशभाऊ येऊन पाहून गेले. ‘रंगवाला येणारच आहे, बाई. तो भरून घेईल.’ मी काचेचं सांगितलं. सिलिकॉनला नख लावून दाखवलं. ते म्हणाले, ‘मुलांनीच लावलं असेल हो. मुलं काय मिळेल ते लावतात. थॉमस सरांनी पाहिलंय ना? मग झालं.’

तुमच्या नावाचा असा उपयोग होतो.

जुन्या काचेखाली मी २ तारखेलाच नवी काच प्लास्टरने लावली आहे. ती शाबूत आहे. तुम्ही शिकवलं होतं, भेगा पावसाळ्यात चालतात, हिवाळ्यात बसतात. म्हणजे सभेपर्यंत ती काही बोलणार नाही.

आणखी एक. ३ तारखेपासून मी सातवीचा वर्ग बाहेर आवारातल्या भेंडीच्या मोठ्या झाडाखाली घेते. कोवळं ऊन बरं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं आहे. बाकीचे वर्ग आतच बसतात. सहावीची आर्या काल विचारत होती, ‘बाई, आम्हाला का नाही ऊन?’ मी म्हटलं, तुमच्या बाईंना विचार.

तुकडा झाडून भरताना कृष्णाबाई रडायला लागल्या. वीस वर्षं त्या शाळा झाडतात. म्हणाल्या, ‘बाई, मी काय बोलनार? सरांनी माझी दोन्ही पोरं शिकवली. त्या दिवशी सकाळी सातला आले, पानी मागितलं, मी बादली दिली. खरवडलेलं प्लास्टर मीच झाडलं. काचेचे तुकडे सरांनी रुमालात घेतले. मला बोलले, कोनाला सांगायचं नाय, शाळा वाचवायची हाय. मला वाटलं, सर करतात म्हंजे बरोबरच.’

मलाही तेच वाटलं होतं.

सुहासिनी


२७ डिसेंबर २०२४

थॉमस सर,

परवा नाताळला तुमच्या घरी आले नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. काल इझाबेलबाई स्वतः आल्या. दर वर्षीचा फराळाचा पत्र्याचा डबा, कुलकुल आणि नेवऱ्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘वरचं आधी खा. तळाला त्यांनी काय ठेवलंय ते मला माहीत नाय.’ पण त्यांचे डोळे सुजलेले होते.

तळाला तुमचा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला. आत काचेचे दोन तुकडे. मी ते टेबलावर जुळवले. तिरके तुटले आहेत, मधोमध. उन्नतीने लिहिलं होतं तसे. सोबत चिठ्ठी.

‘१९.९.२०२४. सायं. ४.५५. काच तुटलेली. निरीक्षक : उन्नती. थॉ.’

चिठ्ठीचा कागद शाळेच्या जुन्या पॅडचा आहे, शाई तुमच्या पेनाची, घडी जुनी. म्हणजे ही आत्ता लिहिलेली नाही. त्याच दिवशी लिहिलीत. तिचं नाव घातलंत. वेळ तिची घातलीत. तुम्हाला निरीक्षण खोटं करवलं नाही, म्हणून खरं निरीक्षण कपाटात ठेवलंत आणि खोटं खांबावर.

तुम्ही काच फेकून दिली असती तर मी एक ना एक दिवस तुम्हाला माफ केलं असतं. घाबरलेला माणूस फेकून देतो. तुम्ही जपून ठेवलीत. तीन महिने रोज तुम्हाला ठाऊक होतं की ती काच, ती चिठ्ठी आणि ती मुलगी कुठे आहेत. मुलं तिला वर्गात दोन बोटं दाखवत होती तेव्हा तुम्ही तिच्या बाकाजवळून पुढे गेलात. मी पाहिलं आहे.

आता माझं.

पान गहाळ झालं नाही. पान मी फाडलं. १४ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा. हर्षवर्धन अकराला येणार होता. एका पानावर काच तुटली आणि बाकीच्या सगळ्यांवर शाबूत, हे बाहेरच्या माणसासमोर बरं दिसेना. मला वाटलं, तुमच्या काचेची शोभा जाईल. शिवणीपासून फाडलं, नीट, आवाज होऊ न देता. उन्नती पाणी प्यायला उठली होती. दारात उभी होती. तिने पाहिलं. मी पाहिलं की तिने पाहिलं. ती परत जाग्यावर जाऊन बसली. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत तिने हात वर केला नाही.

पहिल्या पत्रात मी हे लपवलं. माझी तक्रार मोठी दिसावी म्हणून.

पान माझ्या शब्दकोशात आहे. ते मलाही फेकवलं नाही. बघा, किती चांगली विद्यार्थिनी केलीत माझी.

सुहासिनी


८ जानेवारी २०२५

थॉमस सर,

परवाच्या सभेचं कळवते. तुमची खुर्ची रिकामी होती.

मी टेबलावर चार गोष्टी ठेवल्या. वही, फाडलेलं पान, काचेचे तुकडे, तुमची चिठ्ठी. पान मी फाडलं हे आधी सांगितलं. कोणीतरी ‘अरे’ म्हणालं. मग तुमचं सांगितलं. संस्थेतल्या गॉडफ्रेकाकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

जितेशभाऊ म्हणाले, ‘बाई, एवढ्याशा काचेवर शाळा बंद करायची?’

हर्षवर्धन मागे बसला होता. त्याला मी बोलावलं होतं. त्याने चिठ्ठी हातात घेतली. अक्षर ओळखलं असणार, त्याच अक्षरात त्याच्या वहीवर शेरे असायचे. तो उठला, गाडीतून हातोडी आणली आणि तिसऱ्या खांबाकडे गेला. आम्ही सगळे मागे. त्याने भेगेच्या कडेला तीन ठोके दिले. जोरात नाही. कडेचा गिलावा आणि आतलं काँक्रीट पोपडा सुटावा तसं सुटलं. आत सळई होती. अंगठ्याएवढी असायला हवी होती. करंगळीहून बारीक राहिली आहे, भोवती तांबडी भुकटी. काँक्रीटमध्ये शिंपले, अख्खे.

हर्षवर्धन तिथेच खाली बसला. ‘मी ठोकून बघायला हवं होतं,’ म्हणाला. ‘काच पाहिली आणि सरांची आहे म्हणून ठोकलं नाही.’

कोणी त्याला दोष दिला नाही. कोण देणार?

इमारत कालपासून रिकामी आहे. जितेशभाऊंनी फाटकाला स्वतः कुलूप लावलं. लहान वर्ग चर्चच्या हॉलमध्ये, मोठे निर्मळच्या रस्त्याकडच्या समाजमंदिरात. बाक हलवताना तुम्ही आलात. मुलं ओळीने म्हणाली, ‘गुड मॉर्निंग, सर.’ तुम्ही मान हलवलीत आणि तिसऱ्या खांबापाशी गेलात. उघड्या सळईवर बोट ठेवलंत. बराच वेळ. विकी मला हळूच म्हणाला, ‘बाई, सरांना तिथून हटवा ना, पडेल बिडेल.’

मी हटवलं नाही. तोच गेला. तुमचा हात धरून तुम्हाला बाहेर घेऊन आला. मी पाठ फिरवून बाक मोजत होते.

सुहासिनी


१ फेब्रुवारी २०२५

थॉमस सर,

पटावर एकाहत्तर मुलं राहिली आहेत. तुम्ही पन्नास म्हणाला होतात. तुमचं निम्मं बरोबर आलं. एकेचाळीस गेली. दाखला लिहिताना प्रत्येक वेळी तुमचं वाडीतलं बोलणं आठवतं. शाळा आणखी किती वर्षं राहील, मला ठाऊक नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

आज उन्नतीच्या घरी गेले होते. नालासोपारा पूर्व, चौथा मजला, लिफ्ट नाही. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर माझी नजर खांबांकडे जात होती. हे तुम्ही मला दिलेलं आहे, ते आता जाणार नाही.

आईने चहा केला. ‘नव्या शाळेत रुळली आहे,’ म्हणाली. ‘फक्त विज्ञानात काही लिहीतच नाही. बाई ओरडतात. वही कोरी.’

उन्नती पडद्यामागे होती. मी हाक मारली तेव्हा आली. उंच झाली आहे. मी तिला सगळं सांगितलं. काच, सिलिकॉन, रुमाल, चिठ्ठी. तिने ऐकलं. चेहरा हलला नाही. मग मी म्हटलं, ‘माझं चुकलं, उन्नती. मला माफ कर.’

ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही हे तोंडी सांगताय.’

‘मग?’

‘लिहून द्या. तारीख घालून.’

आई दचकली. ‘उन्नती! बाईंशी असं बोलतात?’

मी म्हटलं, ‘असंच बोलतात.’

खाली उतरून पायरीवर बसून ते लिहिलं, प्रत केली आणि परत चौथा मजला चढून वहीसकट तिच्या हातात दिलं. तुमचा धडा तिने माझ्याहून चांगला घेतला आहे. तुमच्याहूनही.

तुम्हाला हे शेवटचं पत्र. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते मी कोणावर उपकार म्हणून करणार नाही. खडू मात्र तसाच शिकवते, तुम्ही शिकवलात तसा. खडू खोटा नव्हता.

उन्नतीला दिलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. मूळ कागद तिच्याकडे आहे. त्यावर एक ओळ रिकामी सोडली आहे. ती भरायची असेल तर चौथा मजला, लिफ्ट नाही. तुमचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे.

सुहासिनी


१ फेब्रुवारी २०२५

चि. उन्नती,

दिनांक : १९ सप्टेंबर २०२४
वेळ : सायंकाळी ४.५५
काय दिसलं : तिसऱ्या खांबावरची काच मधोमध तिरकी तुटलेली.
कोणी पाहिलं : उन्नती.

वरील निरीक्षण बरोबर आहे. २० सप्टेंबरला मी वर्गासमोर ते चुकीचं ठरवलं आणि तुला तासभर उभं ठेवलं. १४ ऑक्टोबरला सकाळी साडेदहा वाजता मी ते पान वहीतून फाडलं. तू दारातून पाहिलंस. तेही निरीक्षण बरोबर आहे.

तुझं पान परत वहीत चिकटवलं आहे. वही तुझी. ती या पत्रासोबत देते आहे. मागची पानं कोरी आहेत.

पान कोणी फाडलं : सुहासिनी.

काच कोणी बदलली : ____________________